लोखंड मोडीत निघत नाही, आपणच ते मोडीत काढतो



घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपली जुनी माणसं सांगत आली. सुगी आटोपली, कापूस-सोयाबीनचे चार पैसे हाती आले की गावोगावी बांधकामांना जोर येतो. कुणी घरावर स्लॅब टाकतो, कुणी गोठ्यावर पत्रे चढवतो, कुणी कांदाचाळ उभी करतो. ग्रामपंचायतीचं सभागृह, शाळेची खोली, अंगणवाडी, पाण्याची टाकी ही कामंही याच दिवसांत निघतात. शेपटासारख्या मागे लोंबणाऱ्या सळया घेऊन टेम्पो खडखडत गावात शिरतो. आपण विचारतो, भाव काय लागला? एवढं विचारलं की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं.

पण ही सळई आली कुठून? तुमच्या बांधावर चार वर्षे पडून राहिलेला मोडका नांगर, पडवीतली फुटकी घमेली, जळालेल्या मोटारीचं बॉडीचं लोखंड, सायकलच्या रिंगा हे सगळं मागच्या साली भंगारवाला किलोच्या भावानं घेऊन गेला होता. त्याचाच काही अंश या सळईत परत आलेला असू शकतो. ही थट्टा नव्हे. आपल्या मराठवाड्यात हे रोज घडतं आहे.

आज याच लोखंडाबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पर्यावरण, टिकाऊ विकास हे शब्द ऐकले की आपल्याला वाटतं, हा शहरातल्या सभांचा विषय. तसं नाही. लोखंडाच्या बाबतीत पर्यावरणाचा फायदा आणि तुमच्या खिशाचा फायदा एकाच वाटेनं चालतात. म्हणून हा हिशेब आपण समजून घ्यायला हवा.

भंगारापासून सळईपर्यंत

जालना म्हटलं की आपल्याला बियाणे आठवतात. पण त्याच जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आणि रोलिंग मिलही आहेत. बांधकामाची सळई बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या केंद्रांत जालन्याचं नाव घेतलं जातं. तिथं डोंगरातून खनिज येत नाही. तिथला कच्चा माल म्हणजे मुख्यतः भंगार आणि त्याच्या जोडीला स्पंज आयर्न. हे भंगार गावोगावच्या फेरीवाल्यांकडून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून भट्टीवर जातं. परदेशातूनही कंटेनर भरून भंगार येतं.

भट्टी विजेवर चालते. सुमारे सोळाशे अंश उष्णतेला लोखंडाचं पाणी होतं. त्याच्या कांबी ओततात, त्या पुन्हा तापवून रुळांमधून ओढतात आणि सळई तयार होते. लालबुंद सळईवर शेवटी पाण्याचा जोरदार मारा करतात. वरचा थर एकदम थंड होऊन कडक होतो, आतला गाभा मात्र गरम राहतो आणि हळूहळू निवतो. त्यामुळे बाहेरून कडक आणि आतून लवचीक अशी सळई मिळते. तिलाच आपण टीएमटी म्हणतो.

आपल्या गावच्या लोहाराला हे शिकवावं लागत नाही. ट्रकचे जुने कमानपाटे भात्यावर तापवून तो कोयता आणि कुऱ्हाड घडवतो, मग पाण्यात बुडवून धार पक्की करतो. जुनं लोखंड टाकायचं नसतं, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. लाकूड कुजतं, वीट फुटली की तिची माती होते, काँक्रीट फोडलं की राडारोडा उरतो. लोखंड मात्र पुन्हा पुन्हा वितळवता येतं आणि दर वेळी नव्यासारखं उभं राहतं. बांधकामाच्या सामानात हा गुण फार थोड्या वस्तूंना आहे.

मात्र एक अट आहे. जसं बी तसं पीक. विजेच्या भट्टीत भंगार वितळतं, पण त्यातला गंधक आणि फॉस्फरस सहजासहजी निघत नाही. हे दोन घटक वाढले की सळई ठिसूळ होते. म्हणून चांगला कारखाना भंगार निवडून घेतो, वितळलेल्या लोखंडाची तपासणी करतो आणि गरज पडेल तसं शुद्धीकरण करतो. जो हे करत नाही तो भाव कमी लावतो. बाजारात दोन्हींचा माल शेजारी शेजारी पडलेला असतो आणि वरून दोन्ही सळया सारख्याच दिसतात.

एका टनाचा हिशेब

आता खनिजापासून नवं लोखंड करायचं तर काय लागतं ते पाहू. डोंगर फोडून खनिज काढायचं, त्याला कोळशाच्या भट्टीत घालायचं. या कामाला लागणारा खास कोळसा आपल्याकडे पुरेसा नाही, त्यातला बहुतेक परदेशातून येतो. तो जळतो आणि धूर वर जातो. जगभरात सरासरीनं एक टन पोलाद तयार होताना सुमारे १.९ टन कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. आपल्या देशात हा आकडा अडीच टनांच्या आसपास आहे. भारत २०१८ पासून जगातला दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक देश आहे आणि २०२४-२५ मध्ये आपल्याकडे १५ कोटी टनांच्या वर पोलाद निघालं. देशातून हवेत जाणाऱ्या अशा वायूंपैकी दहा-बारा टक्के एकट्या या उद्योगातून जातात, असं सरकारी आकडे सांगतात.

भंगार वापरलं की काय वाचतं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार पुनर्वापर धोरणात हिशेब दिलेला आहे. एक टन भंगार वापरलं की १.१ टन खनिज, ६३० किलो कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. भट्टीला वीज लागतेच, टनामागे साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते, म्हणून भंगाराचं लोखंडही अगदी धूरमुक्त नाही. पण खनिजाच्या वाटेपेक्षा ही वाट खूपच कमी धुराची आहे, यात शंका नाही.

सरकारनं १२ डिसेंबर २०२४ रोजी 'हरित पोलाद' कशाला म्हणायचं, याची व्याख्याही जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी वायू सोडून बनलेलं पोलाद हरित. त्यातही दोन टनांपर्यंत असेल तर चार तारे, १.६ टनांच्या खाली असेल तर पाच तारे. फ्रीजवर तारे असतात ना, तसंच समजा. युरोपने तर १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर त्याच्या कार्बनच्या हिशेबानं आकारणी लागू केली आहे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. द्राक्षाच्या पेटीला औषधाच्या अंशाची तपासणी जशी चुकत नाही, तशी आता लोखंडाला धुराची तपासणी आली आहे.

बरं, यात तुमचं-आमचं काय? भट्टी कशी चालवायची हे काही आपल्या हातात नाही. पण एक गोष्ट पूर्ण आपल्या हातात आहे, आणि ती भट्टीइतकीच मोठी आहे. ती म्हणजे बांधलेलं किती वर्षे टिकतं.

ढोबळ हिशेब करू. हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला साडेतीन ते चार टन सळई लागते. हे घर पन्नास वर्षे टिकलं तर चार टनांत काम भागलं. तेच पंचवीस वर्षांत स्लॅब गळून पाडावं लागलं, तर पन्नास वर्षांत आठ टन लोखंड लागणार, दुप्पट सिमेंट लागणार, आणि कर्जही दोनदा काढावं लागणार. कारखान्यानं कितीही तारे मिळवले तरी आपल्या अर्धवट टिकणाऱ्या घराची भरपाई ते करू शकत नाहीत. म्हणून म्हणतो, लोखंड आपण होऊन मोडीत निघत नाही. खराब खरेदी, खारट पाणी आणि दुर्लक्ष यांनी आपणच ते मोडीत काढतो.

सळई घेताना

पहिली गोष्ट म्हणजे शिक्का. आरसीसीच्या सळईला आय.एस. १७८६ हे मानक आहे आणि आयएसआय चिन्हाशिवाय ती विकता येत नाही. सळईच्या अंगावर ठरावीक अंतरानं कंपनीचं नाव आणि प्रत उमटवलेली असते. मोळीला बांधलेल्या पट्टीवर परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' नावाच्या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की खोटा, ते लगेच दिसतं. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत. दुकानदार ५००, ५५० असे आकडे सांगतो. आकडा मोठा म्हणजे सळई चांगली, असा आपला समज असतो. तो आकडा ताकदीचा आहे, लवचीकपणाचा नव्हे. त्याच्यापुढे 'डी' हे अक्षर आहे का ते पाहा. साध्या ५०० प्रतीत गंधक आणि फॉस्फरस मिळून ०.१०५ टक्क्यांपर्यंत चालतात. '५०० डी' मध्ये ही मर्यादा ०.०७५ टक्के आहे. तुटण्याआधी साधी ५०० किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, '५०० डी' किमान १६ टक्के. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. भूकंपात घर हलतं तेव्हा सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. चार पैसे जास्त पडले तरी आपल्या भागात 'डी' प्रतच मागावी.

तिसरी गोष्ट म्हणजे वजन. इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती पकडणं सगळ्यात सोपं आहे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळेल. बारा मीटर म्हणजे चाळीस फुटी सळईचं वजन असं येतं:

८ मिमी – ४.७४ किलो
१० मिमी – ७.४१ किलो
१२ मिमी – १०.६७ किलो
१६ मिमी – १८.९६ किलो

हा तक्ता कापून खिशात ठेवा. मानकात थोडी सूट आहे. १० मिमीपर्यंत सात टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत पाच टक्के इकडं तिकडं चालतं. म्हणजे १२ मिमीच्या दहा सळया काट्यावर घातल्या तर सुमारे १०७ किलो भरायला हव्यात. १०१ च्या खाली आल्या तर माल परत पाठवा. नगावर सळई घेऊ नका. नगावर घेतली की वजन कमी भरतं, पैसे जातात आणि स्लॅबमधलं लोखंडही कमी होतं. वजनावर घेतली तर पैसे वाचतात, पण सळई बारीक असेल तर स्लॅब तरीही कच्चाच राहतो. म्हणून काटाही करा आणि लांबी मोजून हिशेबही करा.

ग्रामपंचायतीच्या कामाला तर हे हवंच. ठेकेदाराकडून कारखान्याचं तपासणी प्रमाणपत्र मागा. त्यावरचा हीट नंबर मोळीच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. कुठलं लोखंड वितळवलं, त्याचा इतिहास माहीत नाही, किंवा वापरलेला तयार माल न वितळवता नुसता तापवून ओढला आहे, अशी सळई मानकाला मान्य नाही. मोजमाप पुस्तिकेत सही करण्याआधी शाखा अभियंत्याला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) हे विचारण्याचा सरपंचांना आणि सदस्यांना अधिकार आहे.

गंज आतून खातो

चांगली सळई आणली, पण काम बिघडवलं तर सगळं मुसळ केरात. काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती एक संरक्षक थर तयार होतो. पाणी, हवा किंवा मीठ आत शिरलं की तो थर मोडतो आणि गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतं. आतून फुगतं आणि काँक्रीटला तडा देतं. स्लॅबचे पापुद्रे पडून खाली लाल सळया दिसतात ना, तो हाच रोग. तो एका रात्रीत होत नाही. बांधकामाच्या दिवशीच त्याचं बी पेरलेलं असतं.

सळईभोवती काँक्रीटचं आवरण किती हवं, हे ठरलेलं आहे. स्लॅबला किमान २० मिमी, कॉलमला ४० मिमी, पायाला ५० मिमी. म्हणजे कॉलमला जवळपास दीड इंच. आपल्याकडे काय होतं? कव्हर ब्लॉक नाहीत म्हणून सळईखाली खडीचे तुकडे सरकवतात. माल ओतताना ते निसटतात आणि सळई फळीला टेकते. सेंट्रिंग काढलं की सळईचा ठसा खालून दिसतो. अशा स्लॅबनं दहा वर्षांत गळायला सुरुवात केली तर दोष नशिबाला देऊ नका. सिमेंट-वाळूचे कव्हर ब्लॉक गवंडी घरीच करू शकतो. मोजक्या पैशांचं काम आहे.

आता पाण्याचं बघा, आणि हा मुद्दा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात विहीर आटते आणि माल कालवायला बोअरचं पाणी घेतात. अनेक बोअर खारट असतात. आरसीसीच्या कामाला एका लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड चालत नाही. गंमत अशी की, दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात १००० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे जे पाणी माणसाला नाइलाजानं चालतं ते सळईला चालेलच असं नाही! गावाच्या पाणी तपासणी अहवालात क्लोराईडचा रकाना असतोच. ग्रामपंचायतीत जाऊन तो बघा. आकडा ५०० च्या वर असेल तर बांधकामाला टँकरचं गोडं पाणी आणलेलं परवडलं.

पाणी मारण्याचंही तसंच. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या म्हणजे पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. आज गावात मिळणाऱ्या बऱ्याच गोण्यांवर पीपीसी हेच लिहिलेलं असतं. स्लॅबवर वाफे करून पाणी उभं करा, कॉलमला पोती गुंडाळून भिजवा. गव्हाला पाण्याची पाळी चुकवत नाही, मग आयुष्याच्या कमाईला का चुकवायची?

आणखी एक सूचना. घर पाडल्यावर निघालेल्या जुन्या सळया सरळ करून नव्या कॉलम-बीममध्ये घालण्याचा मोह होतो. तो टाळा. वाकवून सरळ केलेल्या सळईची ताकद नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ती कुंपणाला, वेलीच्या मांडवाला वापरा, नाही तर भंगारात द्या. भट्टीतून ती नवी होऊन येईल. जुने अँगल, चॅनेल आणि गर्डर मात्र गंजून पातळ झाले नसतील तर अभियंत्याला दाखवून पुन्हा वापरता येतात. जुन्या इमारतींत आगगाडीच्या रुळांच्या तुळया आजही छत पेलताना दिसतात, त्या काय नव्या होत्या?

गोठा, चाळ आणि शेड

उघड्या लोखंडाची गोष्ट वेगळी. तिथं गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून औषधही वेळेवर करता येतं.

गोठ्यात खांब नेहमी खालून सडतो. शेण-मूत्राची ओल आणि त्यातला अमोनिया पायथा खातो. खांब थेट मातीत गाडू नका. जमिनीपासून वीतभर उंच काँक्रीटचा ओटा करून त्यावर प्लेट बसवा आणि प्लेटभोवती शेण-माती साचू देऊ नका. पोकळ पाईप वापरले तर त्यांची तोंडं बंद करा, नाही तर पाणी आत शिरतं आणि पाईप आतून कुजतो. खताच्या पोती पत्र्याला किंवा खांबाला टेकवून ठेवू नका. पोटॅशसारखी खतं म्हणजे मीठच, ती ओल धरतात आणि लोखंड खातात.

पत्रा घेताना त्यावर जस्त किती, हे विचारा. चौरस मीटरला १२० ग्रॅम आणि २७५ ग्रॅम अशा दोन्ही प्रती बाजारात असतात. जस्त जास्त म्हणजे आयुष्य जास्त. नुसती जाडी पाहून पत्रा घेणारा माणूस अर्धीच चौकशी करतो.

रंगाचं काम फॅब्रिकेटरवर सोडू नका. गंजावरच रंग फासला तर तो पावसाळ्यापुरता टिकतो. आधी तारेच्या ब्रशनं गंज झाडायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग रेड ऑक्साईड आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. वेल्डिंगच्या जागा सगळ्यात आधी गंजतात, तिथं हात जास्त फिरवा. तीन-चार वर्षांनी पुन्हा एकदा पाहणी करा.

शक्य असेल तिथं वेल्डिंगऐवजी नटबोल्टची जोडणी मागा. बोल्टची शेड सोडवून दुसऱ्या शेतात उभी करता येते, वाटण्या झाल्या तर नेता येते, विकताना भंगाराचा नव्हे तर सामानाचा भाव मिळतो. वेल्डिंगची शेड कापावी लागते आणि कापलेलं लोखंड काट्यावरच जातं. न वितळवता पुन्हा वापरलेलं लोखंड हे सगळ्यात हरित लोखंड. त्याला ना कोळसा लागतो, ना वीज.

गावाचं लोखंड कुणाचं?

आता कारभारी मंडळींसाठी दोन शब्द. घरचं लोखंड माणूस जपतो. गावाचं लोखंड कोण जपतो?

कोल्हापुरी बंधाऱ्याचे लोखंडी दरवाजे बघा. पावसाळ्याआधी ते काढायचे आणि पावसाचा जोर ओसरला की बसवून पाणी अडवायचं. मधले चार महिने ते काठावर चिखलात पडून राहतात. गंजून कडा खातात, रबर फाटतं, बसवले तरी पाणी झिरपून जातं. कित्येक ठिकाणी तर दरवाजेच चोरीला जातात आणि भंगाराच्या दुकानात पोचतात. चोराला किलोमागं काही रुपये मिळतात, पण गावाचा पूर्ण रब्बी हंगाम वाहून जातो. एका दरवाज्याची खरी किंमत वजनकाट्यावर कळत नाही, ती मार्चमध्ये विहिरीच्या तळाशी कळते.

दरवाजे काढले की मोजून, नंबर टाकून, ओट्यावर उभे रचून ठेवले आणि कुलूपबंद खोलीत किंवा राखणीत ठेवले तर निम्मं काम झालं. भंगार व्यापाऱ्यांनीही गावाच्या मालमत्तेचा तुकडा विचारपूस केल्याशिवाय घेऊ नये. या धंद्यावर शेकडो गोरगरिबांची पोटं आहेत आणि ते देशाचं मोठं काम करतात. चार चोरट्यांमुळे सगळ्यांकडे संशयानं पाहिलं जाऊ नये.

दुसरी बाब धोक्याची आहे. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यातल्या कुंडमळा इथं इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. रविवार होता, पुलावर पर्यटकांची गर्दी होती. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल जीर्ण झाला होता आणि त्यावर त्याला पेलणार नाही इतकी माणसं उभी होती. आपल्या ओढ्यावरचा साकव, शाळेच्या पडवीवरचे पत्रे, पाण्याच्या टाकीची शिडी, स्मशानशेडचे खांब यांची पाहणी शेवटची कधी झाली, याचं उत्तर आपल्यापैकी किती गावांकडे आहे? लोखंड कोसळण्याआधी सांगतं. पापुद्रे सुटतात, बोल्ट सैल होतात, लाल पाणी ओघळतं. आपण बघत नाही एवढंच.

तिसरी बाब पैशांची. शाळेमागं मोडके बाक, ग्रामपंचायतीच्या आवारात जुने पाईप, बंद पडलेल्या हातपंपांच्या दांड्या, गंजलेली टाकी हे सगळं वर्षानुवर्षे पडून असतं. विकायचं कसं, लफडं कोण ओढवून घेईल, म्हणून कुणी हात लावत नाही. हळूहळू ते गायब होतं. जड वस्तू संग्रह नोंदवहीत नोंद तपासा, सभेत निर्लेखनाचा ठराव घ्या, नियमाप्रमाणे मूल्यांकन आणि मंजुरी घेऊन जाहीर लिलाव करा, पावती फाडा आणि रक्कम ग्रामनिधीत भरा. भंगार भट्टीत जाईल, जागा मोकळी होईल आणि त्याच पैशांत साकवाला रंग लागेल.

केंद्राच्या २०१७ च्या पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ग्रामीण भागात माणशी लोखंडाचा वापर ३८ किलोपर्यंत नेण्याचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. म्हणजे गावात लोखंड वाढणारच आहे. पक्की घरं, गोदामं, चाळी हव्यातच. त्याला कुणाची ना नाही. प्रश्न एवढाच की, येणारं लोखंड नातवंडांपर्यंत उभं राहणार की पंधरा वर्षांत भंगारवाल्याच्या गाड्यावर चढणार.

यंदा पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एक विषय घ्या: गावातल्या लोखंडी बांधकामांची पाहणी. दोन तरुण, एक गवंडी, एक वेल्डर आणि ग्रामपंचायत अधिकारी एवढी माणसं एका दिवसात गाव फिरून यादी करू शकतात. जिथं शंका येईल तिथं अभियंत्याला बोलवा आणि तोवर वापर थांबवा. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, म्हणजे पुढच्या वर्षी काय झालं आणि काय राहिलं ते सगळ्यांनाच दिसेल.

हे लक्षात ठेवा

● सळई आयएसआय शिक्क्याची आणि 'डी' प्रतीची घ्या. परवाना क्रमांक तपासा.
● नगावर नको, वजनावर घ्या. १२ मिमीची चाळीस फुटी सळई साधारण १०.६७ किलो भरते.
● कव्हर ब्लॉक वापरा: स्लॅब २० मिमी, कॉलम ४० मिमी, पाया ५० मिमी.
● क्लोराईड ५०० मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी आरसीसीला वापरू नका.
● पीपीसी सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस पाणी मारा.
● सळया जमिनीवर टाकू नका. दगड-लाकडावर रचून ताडपत्री झाका.
● गोठ्याचा खांब ओट्यावर बसवा, मातीत गाडू नका.
● शेडची जोडणी शक्यतो नटबोल्टची करा.
● बंधाऱ्याचे दरवाजे मोजून, नंबर टाकून ठेवा.
● मोडीत निघालेलं लोखंड पाडून ठेवू नका, रीतसर विका.